जपानचा सानइन भाग (तोत्तोरी-शिमाने): चार-पाच दिवसांत काय बघावं? सोबत आई-बाबा आहेत

कंदील

नमस्कार मंडळी. नोव्हेंबरच्या मध्यात जपानला जातोय, मी, बायको आणि आई-बाबा. टोकियो, क्योतो वगैरे नेहमीचं ठरलंय पण क्योतोनंतर चार-पाच दिवस हातात आहेत आणि गर्दीत परत परत फिरायचा कंटाळा आलाय सगळ्यांना (व्हिडिओ बघूनच आलाय, अजून गेलोही नाही). नकाशा बघताना वरच्या समुद्राकडे तोत्तोरी आणि शिमाने दिसले, वाळूचे डोंगर आणि इझुमोचं मोठं देऊळ एवढंच माहीत आहे. मराठीत ह्या भागाबद्दल काही सापडत नाहीये आणि इंग्रजीत जे सापडतं त्यात सगळंच 'मस्ट सी' असतं, त्यामुळे काय सोडावं ते कळत नाही.

अडचणी अशा की आईचे गुडघे दुखतात, ती सपाटीवर चालते भरपूर पण जिने नको. शिवाय ती मासे-मटण खात नाही. बाबांना काहीही चालतं, त्यांना ट्रेनची भयंकर हौस. गाडी भाड्याने घ्यावी का ट्रेनने होईल? आणि वाळू, देऊळ, किल्ला, चांदीची खाण, ते भुतांचं गाव हे सगळं चार दिवसांत बसतं का?

सावकाश_गाडी

नाही बसत. म्हणजे कागदावर बसतं, पण मग अर्धा वेळ स्टेशनवर जातो. हा भाग पूर्व-पश्चिम लांबलचक पसरलाय, तोत्तोरी शहर ते मात्सुए एक्सप्रेसनेच दीड तास, आणि तिथून इवामीची खाण अजून पुढे. शिवाय तोत्तोरी हे जपानमधलं सगळ्यात कमी लोकसंख्येचं प्रीफेक्चर (म्हणजे आपल्याकडच्या राज्यासारखा विभाग) आणि शिमाने त्याच्या लगेच वर, त्यामुळे टोकियोसारखी दर तीन मिनिटाला गाडी हा प्रकार विसरा, लोकल चुकली की तासभर बसा. त्यामुळे आधी पूर्वेकडचा अर्धा का पश्चिमेकडचा ते ठरवा. आई सोबत असेल तर माझं मत सरळ पश्चिम, मात्सुएला मुक्काम ठोका आणि तिथूनच रोज जाऊन या. बॅगा उचलून रोज हॉटेल बदलणं हा वडीलधाऱ्यांसोबतचा सगळ्यात मोठा त्रास असतो. मोठ्या बॅगा तर क्योतोहूनच कुरिअरने पुढच्या हॉटेलला पाठवून द्या, जपानमध्ये सगळे तेच करतात, हॉटेलच्या काउंटरवरच होतं काम.

जायचं कसं तर क्योतोहून शिंकान्सेनने (बुलेट ट्रेन) ओकायामा आणि तिथून याकुमो एक्सप्रेस, डोंगर ओलांडून साधारण अडीच तासात मात्सुए. पूर्वी ह्या रूटवर जी जुनी गाडी होती ती वळणांवर इतकी हलायची की ओकाऱ्यांसाठीच प्रसिद्ध होती, २०२४ पासून नवीन गाड्या आल्यात आणि आता पोटातलं पाणी हलत नाही. बाबांना खिडकी द्या, ताकाहाशी नदीच्या कडेकडेने जाते गाडी, बघत राहण्यासारखं आहे.

आणि ही युक्ती लक्षात ठेवा, मात्सुएच्या थोडं आधी यासुगी स्टेशन लागतं तिथेच उतरा (सगळ्या याकुमो थांबत नाहीत, बघून घ्या), हातातल्या बॅगा लॉकरला टाका आणि आदाची म्युझियमची फुकट बस पकडा, वीसेक मिनिटं. १९७० साली एका स्थानिक उद्योजकाने काढलेलं म्युझियम आहे, योकोयामा ताइकानची चित्रं आहेत पण लोक जातात बागेसाठी. जपानी बागांवरचं एक अमेरिकन मासिक दरवर्षी क्रमवारी लावतं, त्यात २००३ पासून ही पहिली येते. मजा अशी की बागेत पाय ठेवायला मिळत नाही! आतून काचेतून बघायची, काही खिडक्या तर मुद्दाम चित्राच्या चौकटीसारख्या केल्यात. काही जणांना हे आवडत नाही, पण तुमच्या आईसाठी याहून चांगलं काय असणार, सगळं सपाट, बसायला जागा, व्हीलचेअरही मिळते. नोव्हेंबरच्या मध्यात मेपल लाल झालेले असतील.

मात्सुएत किल्ला (१६११ चा, मूळ लाकडी बुरूज अजून उभा असलेल्या बारा किल्ल्यांपैकी एक, २०१५ मध्ये राष्ट्रीय ठेवा झाला). आतले जिने म्हणजे शिडीच आहे हो, आईंना खालीच बसवा किंवा त्यापेक्षा खंदकातली होरिकावा बोट घ्या, पन्नासेक मिनिटं किल्ल्याभोवती फिरवते. काही पूल इतके बुटके की बोटीचं छप्पर खाली येतं आणि सगळ्यांना वाकायला लागतं, नावाडी मधूनच गाणं म्हणतो. फक्त बूट काढून खाली मांडी घालून बसायचं असतं, गुडघ्यांचं तेवढं बघा. थंडीत बोटीत कोतात्सू लावतात, म्हणजे पायांवर गोधडी आणि खाली हीटर, तुमच्या तारखांना बहुतेक सुरू झालेलं असेल.

घाटरस्ता

ट्रेनवाल्यांशी भांडायचं नाहीये पण चार माणसं असतील तर गाडी घ्याच. भारतातून निघताना आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परमिट काढून घ्या, जपानला तेच लागतं, आणि गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवायची असल्याने पहिल्या दहा मिनिटांत हात बसतो. फक्त वायपर आणि इंडिकेटरची अदलाबदल असते, प्रत्येक वळणावर काच पुसली जाईल, हसू नका. पार्किंग शहरं सोडली तर बहुतेक फुकट. मिचिनोएकी म्हणून हायवेच्या कडेला थांबे असतात, स्वच्छ टॉयलेट, गावातल्या बायकांची भाजी-फळं, लोणची, बाबांचा अर्धा दिवस तिथेच जाईल.

गाडी असली की इझुमोच्या देवळानंतर पुढे हिनोमिसाकीला जाता येतं. १९०३ चा पांढरा दगडी दीपस्तंभ, साडेत्रेचाळीस मीटरच्या वर, जपानमधला सगळ्यात उंच. वर चढायला जिना आहे पण खालून कड्यावरची पायवाट जास्त छान, खाली समुद्र दगडांवर आपटत असतो.

आणि एशिमा ओहाशी पूल. इंटरनेटवर आभाळात जाणारा रस्ता म्हणून जो फोटो फिरतो तो हाच, साकाइमिनातो (ते भुतांचं गाव) आणि मात्सुएच्या मधला, खालून जहाजं जावीत म्हणून पंचेचाळीस मीटरच्या आसपास उंच नेलाय. खरा चढ शिमानेच्या बाजूला ६.१ टक्के, म्हणजे आपल्या कुठल्याही घाटात सेकंड गिअरला हसत काढाल एवढाच. फोटो लांबून मोठ्या लेन्सने काढतात म्हणून भिंतीसारखा दिसतो. तरी पण जा, पलीकडे दाइकोनशिमा बेट लागतं, तिथे पिओनी फुलांची बाग आहे.

वाळूघड्याळ

सावकाश_गाडी यांनी पूर्व भाग सरळ कापून टाकला, निषेध :)

तोत्तोरीची वाळू बघून 'एवढंच?' म्हणणारे लोक भेटतात मला, ते सगळे दुपारी टूर बसमधून येऊन अर्ध्या तासात परत गेलेले असतात. राजस्थानशी तुलना करायला गेलात तर निराश व्हाल, हे वाळवंट नाहीच. पाऊस भरपूर पडतो तिथे. चुगोकू डोंगरातला ग्रॅनाइट झिजून सेंदाई नदीतून समुद्रात येतो, समुद्र ती वाळू परत किनाऱ्यावर ढकलतो आणि वारा ती आत ओढतो, असं हजारो वर्षं चाललंय, किनाऱ्यालगत सोळा किलोमीटर पसरलंय. पाऊस असल्यामुळे गवत उगवतं, आणि मग गावातले लोक वाळवंट वाचवायला गवत उपटतात, म्हणजे झाडं लावायच्या ऐवजी उलटा कार्यक्रम. वाळूवर मोठ्या अक्षरात नावं कोरायलाही बंदी आहे.

'घोड्याची पाठ' म्हणतात तो मोठा उंचवटा, पलीकडे एकदम समुद्र. सकाळी लवकर गेलात तर वाऱ्याने काढलेल्या रेघा तशाच असतात, कोणाचे पाय पडलेले नसतात. कंदील, तुमच्या आईंना वर चढणं जमणार नाही, वाळूत पाय रुततात आणि गुडघ्याला तेच वाईट. पण वरच्या टेकडीवर विश्रांतिगृह आहे तिथून सगळं दिसतं, आणि तिथून खाली वाळूपर्यंत पाळणा म्हणजे चेअरलिफ्ट आहे. समोरच सँड म्युझियम, नुसती वाळू आणि पाणी, गोंद-बिंद काही नाही, दरवर्षी एक देश किंवा प्रदेश घेऊन वेगवेगळ्या देशांतले शिल्पकार येऊन प्रचंड पुतळे करतात आणि सीझन संपला की सगळं मोडून टाकतात. जानेवारीच्या सुरुवातीपासून काही महिने बंद असतं, तुमच्या तारखांना चालू असणार.

अजून एक, आजूबाजूच्या वाळूत राक्क्योची शेती आहे, छोट्या कांद्यासारखं असतं, ऑक्टोबरच्या शेवटी-नोव्हेंबरच्या सुरुवातीला जांभळी फुलं येतात. मध्यात गेलात तर कदाचित शेवटची शेवटची मिळतील. त्याचं लोणचं तोत्तोरीत सगळीकडे, आईला चालेल.

क्योतोहून येत असाल तर सुपर हाकुतो एक्सप्रेस थेट तोत्तोरीला येते, तीन तासांच्या आसपास. पण जेआर (जपान रेल्वे) पास वापरणार असाल तर लक्षात घ्या की मधला चिझू लाइनचा तुकडा जेआरचा नाही, त्याचे वेगळे पैसे गाडीतच मागतात. आणि नुसत्या ह्या सहलीसाठी देशभराचा पास घेऊ नका, सात दिवसांचा २०२३ मध्येच ५०,००० येनवर गेला, वसूल होत नाही. जेआर वेस्टचे छोटे एरिया पास असतात ते बघा, पण प्रत्येकाची हद्द वेगळी असते, आपली स्टेशनं आत आहेत ना ते तपासा.

कंदील

वा, एवढ्या लवकर एवढं! म्हणजे भांडण वाळू विरुद्ध देऊळ असं आहे तर. आईला देऊळ हवंच आहे. इझुमोबद्दल जरा सांगा ना कोणी, आत जाता येतं का, किती चालावं लागतं? आणि खाण्याचं कोणीच बोललं नाही.

देवळाची_पायरी

इझुमो ताइशा माझा आवडता विषय त्यामुळे लांबण लागेल.

देव ओकुनिनुशी, नाती जुळवणारा. लग्न जमायला लोक जातात असं म्हणतात पण तिथली माणसं म्हणतात सगळीच नाती, धंद्यातली, मैत्रीतली. चंद्रपंचांगाच्या दहाव्या महिन्यात जपानभरचे देव आपापली ठिकाणं सोडून इथे बैठकीला जमतात अशी श्रद्धा आहे, त्यामुळे बाकी देशात तो 'देव नसलेला महिना' आणि इझुमोत 'देव असलेला'. आपल्या तिथीसारखं आहे, तारीख दरवर्षी सरकते, साधारण नोव्हेंबर-डिसेंबर. देवळाच्या पश्चिमेला किलोमीटरभरावर इनासाचा किनारा आहे तिथे रात्री शेकोट्या पेटवून देवांचं स्वागत करतात. तुमचं नशीब असेल तर तारखा जुळतील, मात्र तेव्हा मात्सुए-इझुमोची हॉटेलं भरतात, आजच बघा.

बाकीच्या दिवशीसुद्धा इनासाची एक रीत आहे, आधी तिथे जाऊन थोडी वाळू घ्यायची, मग मुख्य देवळाच्या मागे सोगा नो यशिरो म्हणून छोटं देऊळ आहे तिथे ती ठेवायची आणि तिथली कोरडी वाळू घरी न्यायची. घराच्या कोपऱ्यांत टाकतात. आईंना हे नक्की आवडेल, सोबत एखादी पिशवी ठेवा.

चालणं: मोठ्या तोरीपासून (देवळाची कमान) आत जाणारा रस्ता उताराचा आहे, जपानी देवळांत हे विरळाच, नाहीतर सगळीकडे पायऱ्या. परत येताना हलका चढ, पण पायऱ्या जवळजवळ नाहीतच. मुख्य मंदिराच्या कुंपणाच्या आत जाता येत नाही, बाहेरून दर्शन. आत्ताची इमारत १७४४ ची, २४ मीटर उंच. पूर्वी याच्या दुप्पट, ४८ मीटर होती असं परंपरेत सांगायचे आणि कोणी फारसं मनावर घ्यायचं नाही, मग २००० साली अंगणातच खोदताना तीन देवदाराचे बुंधे एकत्र बांधलेले अवाढव्य खांब सापडले, मग सगळे गप्प. अंगणात ते जिथे सापडले तिथे गोल खुणा केल्यात, पायाखाली बघत चाला.

नमस्कार करायची पद्धतही वेगळी, बाकी देवळांत दोनदा टाळ्या, इथे चार. दोनदा वाका, चार टाळ्या, परत एकदा वाका. शेजारच्या कागुरादेन सभागृहात ती प्रसिद्ध दोरी, साडेतेरा मीटर लांब आणि पाच टनांच्या वर वजन, भाताच्या पेंढ्याची. नाणी फेकून वर अडकवू नका, तिथे पाटी लावलीय तरी लोक करतात.

आवारात सशांच्या दगडी मूर्ती ठिकठिकाणी दिसतील. गोष्ट अशी की एक ससा समुद्र ओलांडायला 'तुमची संख्या जास्त का आमची ते मोजू' म्हणून सुसरींना (काही जण शार्क म्हणतात) रांगेत उभं करतो आणि त्यांच्या पाठीवरून उड्या मारत जातो, अगदी पंचतंत्रातला शोभावा असा लबाड, शेवटच्या उडीला फुशारकी मारतो आणि कातडी सोलून घेतो. ओकुनिनुशीचे भाऊ त्याला खाऱ्या पाण्यात अंघोळ कर म्हणून सांगतात, हा मात्र गोड्या पाण्याने धुवून पाणकणसाच्या कापसात लोळ म्हणतो, तो बरा होतो. तो किनारा तोत्तोरीत आहे, हाकुतो, वाळूघड्याळ यांच्या बाजूला. अजून गंमत म्हणजे लोकांनी ओकुनिनुशीला पुढे दाइकोकुशी एक करून टाकलं आणि दाइकोकु म्हणजे मुळात आपला महाकाळ, बौद्ध धर्मातून गेलेला, तिकडे जाऊन तांदळाच्या पोत्यावर बसलेला हसरा म्हातारा झाला.

मात्सुएहून इचिबाता इलेक्ट्रिक रेल्वेने जा, शिंजी तलावाच्या काठाकाठाने तासाभरात पोचते, मध्ये कावातोला बदलायची. दोन डब्यांची, सायकल घेऊनही चढता येतं. बाबा खूश.

डाळभात_प्रेमी

खाण्याचं मी सांगते. खरं सांगायचं तर शाकाहार इथे टोकियोपेक्षा अवघड आहे कारण गावं मासेमारीची, आणि सहा नोव्हेंबरला खेकड्यांचा सीझन सुरू होतो त्यामुळे सगळ्या र्‍योकानचे (पारंपरिक जपानी हॉटेलांचे) मेन्यू म्हणजे खेकडा, खेकडा आणि खेकडा. 'व्हेजिटेरियन' म्हटलं की मासे देतात. प्रश्न तुकड्यांचा नाही, रश्शाचा आहे. सोबा, उदोन (दोन्ही नूडल्स), मिसो सूप, उकडलेल्या भाज्या, सगळ्यात दाशी म्हणजे मूळ रस्सा असतो आणि तो बहुतेक माशाचा. इझुमोची वारिगो सोबा, तीन लाकडी लाखेचे डबे एकावर एक आणि वरून रस ओतून खायचं, तो रस पण माशाचाच. आईंना वास-चव कितपत चालते ते आधीच ठरवा, तिथे जाऊन ठरवू नका.

जे बिनधास्त चालतं ते म्हणजे गोड! झेनझाई, लाल घेवड्याच्या गोड रश्श्यात मोची (चिकट तांदळाचे गोळे), ती मूळची इझुमोचीच म्हणतात, देवळाच्या समोरच्या रस्त्यावर दुकानं आहेत. मात्सुएचे एक जुने सरदार मात्सुदाइरा फुमाई चहाचे भक्त होते त्यामुळे गावात वागाशी मिठाईची परंपरा तगडी, माच्चा (हिरवा चहा) आणि एक मिठाई घेऊन किल्ल्याजवळ बसा. पेअर, पर्सिमन, भाताचे ओनिगिरी (उमेबोशीवाला, आंबट आलुबुखार). र्‍योकान बुक करताना मेलवरच लिहा की मासे, मांस आणि माशाचं दाशी नको, किमान आठवडा आधी, आल्यावर सांगितलं तर बिचारे घाबरतात. सोबत थेपले, मेतकूट, लोणचं, आणि छोटा प्रवासी कुकर जमत असेल तर तो.

सावकाश_गाडी

घाटरस्ता, गाडीचं मान्य, पण बाबांना ट्रेनची हौस आहे हे धाग्यातच लिहिलंय :) हवं तर इझुमोला एका दिवसापुरती गाडी घ्या आणि बाकी ट्रेन.

वाळूघड्याळ यांच्यावर अन्याय नको म्हणून असं सुचवतो: क्योतोहून सुपर हाकुतोने आधी तोत्तोरी, दुपारी वाळू, रात्र तिथेच आणि सकाळी लवकर परत वाळू. मग एक्सप्रेसने मात्सुए आणि तिथे तीन रात्री. एक दिवस इझुमो, एक दिवस आदाची आणि किल्ला, आणि परत जाताना याकुमो. साकाइमिनातो मधे घुसवता येतं. इवामी गिन्झान मात्र सोडा. २००७ पासून जागतिक वारसा आहे, एकेकाळी जगभर इथली चांदी जायची, ओमोरी गाव फारच सुंदर, पण लोकांना बघायला उघडा असलेला र्‍युगेंजी बोगदा गावापासून दोनेक किलोमीटर चढावर आहे आणि गाड्या आत सोडत नाहीत. आईंचे हाल होतील. तीच गोष्ट मितोकुसानच्या नागेइरेदोची, कड्याच्या खोबणीत अडकवलेलं लाकडी देऊळ, फोटो बघून कोणीतरी जा म्हणेलच, मुळांना आणि साखळ्यांना धरून चढायचं असतं, एकट्याला सोडत नाहीत, बुटांचे तळवे तपासतात आणि नापास झालात तर पेंढ्याच्या चपला विकत घ्यायला लावतात. तुम्ही दोघं तरुण असाल तर आई-बाबांना जवळच्या मिसासा ओनसेनला गरम पाण्यात बसवून जाऊन या, पाऊस पडला तर बंद.

भूतबंगला

साकाइमिनातोवर कोणी धड बोललं नाही! योनागोहून साकाई लाइनने जायचं, डब्यांवर कितारो ह्या कॉमिकमधली भुतं रंगवलेली, स्टेशनांनाही भुतांची टोपणनावं. कितारोचे चित्रकार मिझुकी शिगेरु ह्या गावात वाढले, दुसऱ्या महायुद्धात राबाउलला डावा हात गेला, परत येऊन एका हाताने आयुष्यभर भुतं काढली, ९३ वर्षं जगले. स्टेशनपासून त्यांच्या म्युझियमपर्यंत आठशे मीटरचा सपाट रस्ता आणि दोन्ही बाजूंना पावणेदोनशेच्या आसपास ब्राँझची भुतं, काही तर इतकी छोटी की पाय अडखळतो. आईंच्या गुडघ्याला एकदम योग्य. म्युझियम नव्याने बांधून २०२४ मध्ये उघडलंय. संध्याकाळी दुकानं लवकर बंद होतात पण पुतळ्यांवर दिवे सोडतात, रस्त्यावर भुतांच्या सावल्या पडतात, मला तेव्हाच जास्त आवडतं.

कंदील

ठरलं जवळजवळ. तोत्तोरी एक रात्र, मात्सुए तीन, इवामी आणि तो कडा रद्द (बायको म्हणतेय तिला पेंढ्याच्या चपला हव्यात, बघू). सूर्यास्तासाठी शिंजी तलाव म्हणतात तो मात्सुएतूनच दिसतो ना? आणि पाऊस?

देवळाची_पायरी

हो, स्टेशनपासून पंधरा-वीस मिनिटं चालत. काठावरच शिमाने आर्ट म्युझियम आहे, मार्च ते सप्टेंबर ते सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने बंद होतं, म्हणजे बंद व्हायची वेळच सूर्य ठरवतो. नोव्हेंबरमध्ये सूर्य पाचच्या सुमारास जातो त्यामुळे चार-साडेचारलाच पोचा, लॉबीच्या काचेतून बसल्या बसल्या दिसतं. बाहेर हिरवळीवर पळणारे ब्राँझचे ससे आहेत, तळ्याकडून दुसऱ्या सशाला शिंपला वाहिला तर नशीब उघडतं म्हणतात.

पावसाचं म्हणाल तर त्या भागात म्हणच आहे की डबा विसरलात तरी चालेल, छत्री विसरू नका. नोव्हेंबरमध्ये दिवसातून दोनदा ऊन दोनदा पाऊस होतो. त्यामुळे बोट आणि सूर्यास्त एकाच दिवशी नेमून ठेवू नका, ज्या दिवशी उघडेल त्या दिवशी करा, आदाची पावसात पण चालते. आणि सुट्टे पैसे ठेवा, लहान बसमध्ये कार्ड चालेलच असं नाही.

घाटरस्ता

आणि ओकायामाऐवजी परत टोकियोला जायचं असेल तर सनराइज इझुमो बघा, रात्रीची झोपायची गाडी, इझुमोहून संध्याकाळी निघते आणि सकाळी टोकियो. तिकिटं बरोबर एक महिना आधी सकाळी दहाला उघडतात आणि लगेच संपतात. बाबांना आत्ताच सांगू नका, मिळालं तर सांगा.

कंदील

सांगून झालंय, ते दहाचा गजर लावून बसलेत.